बघ्यांची मोजदाद : ‘स्मृती’ या रूपकाचा प्रयोगशाळेतील इतिहास

‘स्मृती’ हा शब्द आपण साहित्याचे अभ्यासक आपल्या मालकीचा मानत आलो आहोत. समूहाची स्मृती, भाषेची स्मृती या शब्दयोजना समीक्षेत इतक्या रुळल्या आहेत, की त्या रूपके आहेत हेही ध्यानात येत नाही. रोगप्रतिकारशास्त्रानेही हाच शब्द स्वीकारला. पण ही स्मृती शरीरात नेमकी कोठे वसते आणि ती धारण करणाऱ्या पेशी किती, हे प्रश्न त्याने सोडले नाहीत. त्या शोधाचा एक टप्पा आम्हांला वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही उद्बोधक वाटतो.

आरंभी ही स्मृती केवळ माणसांच्या अनुभवातून कळत असे. इ. स. पूर्व ४३० मध्ये अथेन्समध्ये आलेल्या साथीतून थ्युसिडिडीस स्वतः वाचला होता. एकदा बरे झालेल्याला तो रोग पुन्हा निदान जीवघेणा होत नाही, असे त्याने नोंदवले. १८४६ साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पानुम या तरुण डॅनिश वैद्यालाही तेच दिसले. तेथे आधीची साथ १७८१ सालची. मधल्या ६५ वर्षांत गोवर नव्हता, आणि सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी जवळपास ६,००० जण आजारी पडले. मात्र १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेले वृद्ध सुरक्षित राहिले.

स्मृती आहे हे निश्चित झाले. तिचे धारक कोण, हे कळायला आणखी शतकाहून अधिक काळ गेला. १९६६ साली गोवन्स आणि ऊर यांनी मोठ्या उंदरांवरील प्रयोगांतून ती लहान लिम्फोसाइट पेशी वाहून नेतात, हे दाखवले. पण अशा असंख्य पेशींतून एका विशिष्ट विषाणूला ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या कशा काढायच्या? दिसायला त्या सारख्याच.

अनेक वर्षे यावर एकच वाट होती. उंदराच्या प्लीहेतील पेशी अतिशय विरळ करून लहान लहान खळग्यांत ठेवायच्या, त्यांना तो प्रतिजन दाखवायचा आणि ज्या खळग्यांत पेशी वाढून प्रतिसाद देतील ते खळगे मोजायचे. या पद्धतीत ज्या पेशींना काचपात्रात वाढता आले, त्यांचीच साक्ष नोंदली जाई. उरलेल्या गप्प राहत, म्हणून त्या नाहीतच असे धरले जाई. विषाणूसंसर्गात प्लीहा टी-पेशींनी फुगते, हे दिसत होते. परंतु मोजणीत सापडलेल्या विशिष्ट पेशी फारच थोड्या. तेव्हा बाकीच्या गर्दीला शास्त्रज्ञांनी नाव दिले : ‘बघे’. दंगलीच्या जागी उगाच जमलेले लोक असतात, तशा या पेशी.

ही समजूत बदलण्याची पूर्वतयारी १९७४ साली कॅनबेरात झाली होती. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी उंदरांवर दाखवले, की टी-पेशी विषाणूला सुटे ओळखत नाही. शरीराच्याच एका प्रथिनाच्या संदर्भात ओळखते. पुढे कळले, की त्या प्रथिनाच्या खोबणीत विषाणूच्या प्रथिनाचा एक तुकडा बसलेला असतो. मग ही जोडी कृत्रिमरीत्या घडवून आमिष म्हणून का वापरू नये? अडचण एवढीच, की एकेकटी जोडी पेशीला क्षणभर चिकटते आणि सुटते. १९९६ साली ऑल्टमन, डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अशा चार जोड्या एकत्र बांधल्या आणि त्यांना चकाकणारा रंग जोडला. चारांची पकड टिकली. या रचनेला ‘टेट्रामर’ म्हणतात. रंगलेली पेशी लेझरच्या प्रकाशात ओळखून यंत्राने बाजूला काढता येऊ लागली. आता पेशीने वाढून साक्ष देण्याची गरज नव्हती.

१९९८ साली मुरली-कृष्ण, रफी अहमद आणि सहकाऱ्यांनी विषाणूबाधित उंदरांच्या प्लीहेत याच साधनाने पुन्हा मोजणी केली. सक्रिय झालेल्या सीडी-८ टी-पेशींपैकी ५० ते ७० टक्के त्या विषाणूलाच ओळखणाऱ्या निघाल्या. ज्यांना बघे म्हटले, त्यांतील बहुतेक प्रत्यक्ष लढणारे होते. संसर्ग ओसरल्यावर यांतील बहुसंख्य मरतात. थोड्या उरतात, त्या स्मृतिपेशी. विषाणूचा मागमूस नसलेल्या उंदरात सोडल्या तरी अशा पेशी दीर्घकाळ टिकतात, हे १९९४ सालीच दिसले होते. या स्मृतीला आठवण करून देणारा कोणी लागत नाही. ती गत घटनेचे चित्र जपत नाही. पुढच्या भेटीची सिद्धता जपते.

ही मोजदाद फुकट झालेली नाही, हेही नोंदवले पाहिजे. अशा प्रयोगांत प्लीहा काढण्यासाठी उंदीर मारला जातो. स्मृती वाचली जाते ती स्मृती धारण करणाऱ्याचा अंत करून.

पेशी म्हणजे माणसे नव्हेत. साम्य ताणू नये. तरीही पद्धतीविषयीचा धडा आपल्यालाही लागू पडतो. ज्यांचे लेखन उरले, ज्यांना छापखाना लाभला, त्यांच्या साक्षीवर वाङ्मयाचा इतिहास उभा राहतो. उरलेल्यांना आपण श्रोते म्हणतो, पार्श्वभूमी म्हणतो. ते गप्प होते, की आपण त्यांना एकाच रीतीने विचारत होतो? विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न ठेवताना आम्हांला आता उंदराच्या प्लीहेतील त्या ‘बघ्यां’चा दाखला द्यावासा वाटतो.