एक पेला दूध

कधीही तालीम न केलेला माणूस कमालीचा तंदुरुस्त होऊ शकतो का? आज या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते: मनात आणले तर काहीही जमते. इतिहासाकडे पाहिले, की मात्र आधी दुसराच प्रश्न विचारावा लागतो. त्या माणसाच्या दुधाचा खर्च कोण करणार?

मिल्खासिंग १९५१ साली लष्करात भरती झाले, तो त्यांचा चौथा प्रयत्न होता. आधीच्या तिन्ही वेळी त्यांना परत पाठवले होते. फाळणीत आई-वडील मारले गेलेले, निर्वासित म्हणून दिल्लीला पोचलेले, विनातिकीट प्रवासापायी तुरुंगात गेलेले आणि बहिणीने दागिने विकून सोडवलेले असे ते तरुण होते. सिकंदराबादच्या लष्करी केंद्रात नव्या जवानांसाठी सक्तीची क्रॉसकंट्री शर्यत झाली. तीत ते सहावे आले आणि पुढच्या सरावासाठी निवडले गेले. निवड झालेल्यांना रोज एक पेला जादा दूध आणि छावणीतल्या पडेल त्या कामांतून सुटका मिळे. आपण पळालो ते या दुधासाठी, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. ऑलिंपिक म्हणजे काय हेही त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते.

पण त्यांना अगदी कोरे म्हणता येईल का? लहानपणी शाळेच्या वाटेवर ते रोज मैलोन्‌मैल पळत. डोक्यावर हंडे वाहणारी बाई, गोदीतला हमाल, नांगर धरणारा शेतकरी यांच्याही शरीराला अशीच सवय झालेली असते. तिची नोंद कोणी ठेवत नाही, एवढेच. कष्ट आणि व्यायाम यांत अंगमेहनतीचा फरक थोडाच आहे. फरक आहे तो मेहनतीनंतरचा. व्यायाम करणाऱ्याला पोटभर खायला आणि पाठ टेकायला मिळते, म्हणून त्याचे शरीर भरते. कष्टकऱ्याला यातले काही मिळेलच असे नाही, म्हणून त्याचे शरीर झिजते.

महाराष्ट्रातल्या तालमींना हे पक्के माहीत होते. पैलवानाची चौकशी करताना लोक त्याच्या डावांइतकीच खुराकाची चौकशी करत. दूध, तूप, बदाम यांची सोय कोण करतो, यावर पैलवान कुठवर जाणार हे ठरे. १९१२ साली खासबाग मैदान उभे करणाऱ्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तो हेच ओळखून. आश्रय गेला, की घडलेल्या मल्लाचेही काय होते हे खाशाबा जाधवांनी अनुभवले. पैलवानाच्या घरात जन्मलेले, लहानपणापासून मातीत घुमलेले खाशाबा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकवर्गणीवर. प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मिल्खासिंगांकडे घराण्याची तालीम नव्हती, पण त्यांच्यामागे लष्कर उभे होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते प्राथमिक फेरीतच बाद झाले. ४०० मीटरचे विजेते चार्ल्स जेन्किन्स यांना त्यांनी सराव कसा करता, असे विचारून घेतले आणि परतल्यावर स्वतःला अक्षरशः पिळून काढले. १९५८ साली कार्डिफला त्यांनी ४४० यार्डांत सुवर्णपदक मिळवले. १९६० साली रोममध्ये ४५.६ सेकंदांत चौथे आले. तिसऱ्या क्रमांकाचा माल्कम स्पेन्स त्यांच्या फक्त ०.१ सेकंद पुढे होता. कार्डिफला त्याच स्पेन्सला त्यांनी मागे टाकले होते.

मग कोणीही मिल्खासिंग होऊ शकतो का? नाही. १९९० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात बैठे जीवन जगणाऱ्या कुटुंबांतल्या शेकडो माणसांकडून २० आठवडे सारखाच व्यायाम करून घेतला गेला. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरी मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटरने वाढली. पण काहींची जवळजवळ वाढलीच नाही, तर काहींची एक लिटरहून अधिक वाढली. एकाच घरातल्या माणसांचे निकाल बरेचसे सारखे आले. म्हणजे बहुतेकांचे शरीर मेहनतीला दाद देते, पण किती देईल हे जन्मानेही बरेचसे ठरते.

मात्र कोणाचे शरीर किती दाद देईल, हे मेहनत करून पाहिल्याशिवाय कळत नाही. भरतीच्या रांगेतून तीनदा परत पाठवलेल्या तरुणाकडे बघून तर नाहीच नाही. म्हणून एक मिल्खासिंग सापडायचा, तर दूध अनेकांना द्यावे लागते आणि त्यातले बरेचसे वाया गेले तरी चालवून घ्यावे लागते. ते चौथ्यांदा रांगेत उभे राहिले, म्हणून आपल्याला त्यांचे नाव माहीत आहे. जे तिसऱ्यांदा नाकारल्यावर घरी गेले, ते किती वेगाने पळाले असते हे कोणत्याच घड्याळाने मोजलेले नाही.