राक्षसपेशी आणि हृदयावरील औषधाची कसोटी

शरीराचे रक्षण करणारे सैन्यच हृदयावर उलटले, तर वैद्याने काय करावे? साल्टिकोव्ह यांनी १९०५ साली वर्णिलेल्या राक्षसपेशीय हृद्दाहात असेच घडते. हृदयाच्या स्नायूत अनेक केंद्रकांच्या प्रचंड पेशी दिसू लागतात आणि ऐन उमेदीतला माणूस थोड्याच आठवड्यांत खचतो.

सैन्याला आवरणारे औषध द्यावे, हा तर्क सरळ होता. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. सर्वसाधारण हृद्दाहाच्या १११ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. अशा औषधांनी त्यांना काही विशेष लाभ झाला नव्हता.

मग या विरळ रोगातही आशा सोडावी काय? एकट्या रुग्णालयाला उत्तर मिळणे अशक्य, म्हणून लेस्ली कूपर व सहकाऱ्यांनी अनेक देशांतून ६३ रुग्णांची माहिती जमवली. १९९७ साली दिसले ते असे: औषधाविना निम्मे रुग्ण ३ महिन्यांतच मृत्यू वा हृदयरोपणापर्यंत पोचले, स्टेरॉइडबरोबर सायक्लोस्पोरिन वा अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्यांत हाच काळ १२.३ महिने होता. पण औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. जो आधीच दगावला, त्याला औषध मिळणार कोठून?

म्हणून पुढे रुग्णांना ठरल्या पद्धतीने औषध देऊन पाहिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात रुग्ण अवघे ११. वर्षभरात एक दगावला, दोघांना हृदयरोपण करावे लागले, बाकीचे स्वतःच्या हृदयावर जगले. तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नव्हता. पण मृत्यू दारात उभा असताना तसा गट ठेवण्यास कोणाचे मन धजावले असते?