मातीचा मोबदला

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या थेट पश्चिम टोकाला, कोलोरॅडो, कॅन्सस, टेक्सस आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांच्या शिवांना भिडलेला सिमॅरॉन काउंटी नावाचा जो विरळ वस्तीचा परगणा आहे, त्याची कीर्ती गव्हापेक्षा उडालेल्या मातीनेच अधिक पसरली. पहिल्या महायुद्धात गव्हाला चढा भाव आला, ट्रॅक्टर आले, आणि गवताच्या मुळांनी युगानुयुगे बांधून ठेवलेली कुरणे भराभर नांगराखाली गेली. पुढे भाव कोसळले, पावसाने ओढ दिली, आणि उघडी पडलेली जमीन वाऱ्याबरोबर चालती झाली. आर्थर रोथस्टीन या सरकारी छायाचित्रकाराने १९३६ साली याच परगण्यात टिपलेल्या चित्रात एक शेतकरी आपल्या दोन मुलांसह वाळूत रुतलेल्या छपराकडे वाकून चाललेला दिसतो. धाकटे पोर मागे पडले आहे आणि त्याने हात आडवा धरून डोळे झाकले आहेत.

अशा मुलखात माती राखण्यासाठी सरकारने शेतकऱ्याला पैसे द्यावेत, यात आज कोणालाच नवल वाटणार नाही. परंतु या मोबदल्याचा जन्म निव्वळ मृत्तिकाप्रेमातून झाला असे मानणे भाबडेपणाचे होईल. १९३३ च्या कायद्याने पेरा कमी करणाऱ्यास रक्कम देण्याची तजवीज केली होती, ती भाव वर यावेत म्हणून; आणि तिचा खर्च शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांवरील करातून भागवला जाई. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शेतीचे नियमन हा राज्यांचा अधिकार असल्याचे सांगून, ती सारी व्यवस्था रद्द ठरवली. तेव्हा वॉशिंग्टनच्या मुत्सद्द्यांनी जी मखलाशी केली तिला दाद द्यावीच लागते: दोन महिन्यांच्या आत नवा कायदा आला, गहू आणि कापूस ही पिके जमिनीचा कस हरण करणारी ठरली, गवत आणि द्विदल पिके कस राखणारी ठरली, आणि पहिल्यांकडून दुसऱ्यांकडे वळणाऱ्यास खजिन्यातून मोबदला मिळू लागला. हेतू बराचसा जुनाच होता, कलम मात्र मातीच्या नावाने लिहिले गेले. ह्यू बेनेट यांच्यासारखा मृदासंधारणाचा खरा ध्यास घेतलेला अधिकारी आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या खात्याच्या प्रमुखपदी होता, म्हणून त्या नावाला पुढे अर्थही आला.

परगण्यातला कारभार शेतकऱ्यांनीच निवडलेली समिती पाही. कोणी किती एकर पेरले याची मोजणी पुढे विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून होऊ लागली. त्यामुळे बांधावरचे तंटे किती मिटले कोण जाणे, पण खोटे सांगणे अवघड झाले हे खरे. पीक बुडालेल्या वर्षी सरकारी धनादेश हाच कित्येक घरांचा आधार ठरला. दक्षिणेकडील कापसाच्या मुलखात मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजू उघडी पडली: जमीन पडीक ठेवण्याचे पैसे बहुधा मालकाच्या हाती पडत, आणि पेराच घटल्यामुळे अर्धेलीने कसणाऱ्या कुळाला, विशेषतः कृष्णवर्णीयांना, घरदार सोडावे लागे.

१९५६ च्या 'सॉइल बँक' योजनेत सबंध शेतेच पडीक ठेवता येऊ लागली, तेव्हा बियाणे, खते आणि अवजारे विकणाऱ्या गावोगावच्या दुकानदारांचा धंदा बसला. १९७० नंतर धान्याची निर्यात वाढताच राखलेल्या जमिनीही पुन्हा नांगरल्या गेल्या. या अनुभवाची छाया १९८५ च्या कायद्यावर स्पष्ट दिसते. गवताखाली ठेवलेल्या जमिनीस दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने वार्षिक खंड द्यावयाचा, पण एका परगण्यातील लागवडीच्या जमिनीपैकी साधारणतः २५ टक्क्यांहून अधिक जमीन त्यात घ्यावयाची नाही, असे ठरले. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते: सहज धुपणारी नवी जमीन संधारणाच्या आराखड्याविना मोडून पेरणाऱ्याचा इतर सरकारी अनुदानांवरील हक्क काढून घेतला. माती राखणाऱ्यास पैसे देणारे सरकार माती उधळणाऱ्याचे पैसे रोखण्यापर्यंत पोचले, त्याला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.