दिवाळी झाली म्हणून झाडं उपटू नका! शेवंती, झेंडू, कुंद घरी उशिरापर्यंत कसे फुलवाल?

सोलापूर : नवरात्र आलं की भवानी पेठ आणि आजूबाजूच्या पेठांत फुलांना भाव चढतो. रूपाभवानीचं दर्शन असतं, तेलुगू भाषिक घरांत बतुकम्मा सजते, पाठोपाठ दसऱ्याचं तोरण येतं. झेंडू, तरवड, कुरडू सगळं हातोहात संपतं. दिवाळी उरकली की मात्र "सिझन संपला" म्हणून बऱ्याच घरांत कुंड्यांतली झाडं उपटून टाकतात. खरं तर मार्गशीर्षातले गुरुवार, सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, संक्रांत आणि महाशिवरात्र अजून पुढंच असतात. थोडी काळजी घेतली तर या सगळ्याला घरचीच फुलं पुरतात.

शेवंती उशिरा का फुलते?

शेवंतीला कळी धरायला मोठी रात्र लागते. सोलापुरात जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असतो, डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. रात्र किती मोठी झाली हे झाडाला पानांतल्या एका रंगद्रव्यामुळं कळतं. रात्री मध्येच उजेड पडला तर झाडाच्या लेखी रात्र लहानच राहते आणि ते नुसती पानं काढत बसतं. शेवंतीची व्यापारी शेती करणारे याच गुणाचा उपयोग करतात. फुलं लांबवायची असतील तर रात्री दिवे लावतात, लवकर हवी असतील तर काळं कापड झाकतात.

रस्त्यावरच्या दिव्याखालची कुंडी

पेठेतली घरं एकमेकांना लागून आहेत. अंगण कमी, म्हणून कुंड्या ओट्यावर, जिन्यात नाहीतर गच्चीच्या कठड्यावर असतात. समोर रस्त्याचा दिवा रात्रभर चालू. अशी शेवंती हिरवीगार दिसते, पण कळीचा पत्ता नसतो. मग कुणी खत वाढवतं, कुणी झाड फेकून देतं. दोष झाडाचा नसतो, जागेचा असतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. दिवसा भरपूर ऊन आणि रात्री पूर्ण अंधार मिळेल अशा जागी कुंडी ठेवा. जागाच नसेल तर रोज संध्याकाळी सहाला कुंडीवर मोठं खोकं पालथं घाला आणि सकाळी सातला काढा. यात खंड पाडू नका. दिवाळीच्या सुमारास सुरुवात केली तर आठ ते दहा आठवड्यांनी, म्हणजे संक्रांतीच्या आसपास फुलं येतात. कळीला रंग दिसला की कुंडी पुन्हा ओट्यावर आणली तरी चालते.

बाकीची फुलं

झेंडू : सुकलेलं फूल झाडावर राहिलं की झाडाची ताकद बी धरण्यात जाते. दर दोन-तीन दिवसांनी सुकलेली फुलं खुडा, बाजूनं नवे फुटवे येतात. बियांसाठी एक-दोन फुलं झाडावरच पूर्ण वाळू द्या. संकरित झेंडूच्या बियांपासून मात्र तसंच फूल येईल याची खात्री नसते.

गुलाब : ऑक्टोबरात छाटणी केली तर साधारण दीड महिन्यानं बहर येतो. एक बहर ओसरला की फुलाखालची दोन-तीन पानं सोडून फांदी कापा.

कुंद : हा थंडीतलाच. मोगरा थांबतो तेव्हा कुंद फुलतो. आता छाटू नका, बहर संपल्यावर छाटा.

अबोली आणि कोरांटी : पाणी बेताचं लागतं, भिंतीकडेच्या कमी जागेतही येतात. अबोलीचे सुकलेले तुरे काढत राहा.

ॲस्टर : सप्टेंबर-ऑक्टोबरात रोप केलं असेल तर जानेवारीच्या आसपास फुलतं. एकदा फुलून गेलं की ते झाड पुन्हा जोमानं बहरत नाही.

पाणी आणि माती

सोलापूरकरांच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं झाडांच्या वाट्याला उरलेलंच येतं. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी कुंडीला चालतं; साबणाचं किंवा मिठाचं टाळा. थंडीत बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही सकाळी आणि बुंध्याशी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, नुसती तीच भरली तर मुळं कुजतात. त्यात शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. वरून वाळलेल्या पानांचा थर दिला की ओल टिकते.

कीड

थंडीत शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा. तरी राहिला तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा. फेब्रुवारीत ऊन वाढलं की झेंडू-गुलाबाच्या पानांखाली लाल कोळी दिसतो. पानांच्या खालून पाणी मारलं तर तो आटोक्यात राहतो.

बहर संपल्यावर

फुलं संपली की शेवंती वीतभर ठेवून कापा. बुंध्यातून निघालेले मुळं असलेले फुटवे वेगळे करून लहान कुंड्यांत लावा. सोलापूरचा उन्हाळा कडक, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत ही रोपं दुपारच्या उन्हातून सावलीला हलवा. पावसाळ्यात ऑगस्टपर्यंत दोन-तीन वेळा शेंडे खुडा म्हणजे झाड डेरेदार होतं. एका जुन्या झाडापासून चार-पाच रोपं सहज निघतात. पुढच्या वर्षी नवीन रोपं विकत घ्यायची गरज नाही, आणि शेजारणीला द्यायलाही एखादं उरतं.