डोलकाठी डेकपाशी आवळणारी लाकडी पाचर

कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की नेढ्यात पाचर ठोकावी, हे खेड्यातील पोरालाही ठाऊक असते. भोसरी-चाकण पट्ट्यातील फोर्जिंगच्या कामगारालाही ते नवे नाही. घणयंत्रात डाय बसविली की ती निमुळत्या पोलादी 'की'ने ठोकूनच आवळली जाते. हीच युक्ती शिडाच्या नौकेत डोलकाठीसाठी वापरतात. घाटमाथ्यावरच्या आपल्या शहरांत तिची माहिती सहसा पोहोचत नाही, एवढेच.

डोलकाठी दोन प्रकारे उभी करतात. काही नौकांत ती डेकवरच टेकलेली असते. काहींत मात्र ती डेकमधील भोकातून खाली उतरते आणि तिचा बुंधा नौकेच्या कण्यावरील खाचेत बसतो. पाचरीचा संबंध या दुसऱ्या प्रकाराशी आहे. डोलकाठी वरून उतरविता यावी आणि दुरुस्तीसाठी उपसता यावी, म्हणून हे भोक मुद्दाम मोठे ठेवतात. उरलेली फट पाचरींनी भरली जाते. पाचर डोलकाठीचे वजन पेलत नाही. तो भार बुंध्यावर असतो. तिचे काम डोलकाठीला पुढे-मागे आणि आडवे हलू न देण्याचे आहे.

हे काम किरकोळ नव्हे. शिडांवरील वाऱ्याचा जोर आणि दोन्ही बाजूंचे ताणदोर मिळून डोलकाठीवर खालच्या दिशेने मोठा दाब आणतात. लांब, सडपातळ खांब अशा दाबाखाली चिरडण्याआधी वाकतो. आधाराविना असलेली लांबी दुप्पट झाली, की वाकण्याआधी तो पेलू शकणारा भार चौथाईवर येतो, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शिकविलेच जाते. डेकपाशी घट्ट पकड मिळाली तर ही लांबी घटते. पाचर ढिली असेल, तर प्रत्येक लाटेसरशी डोलकाठी भोकाच्या कडेवर आदळते. धातू झिजतो, लाकूड चेपते आणि डेक गळू लागते.

पाचर कोणत्या लाकडाची असावी, यावर जाणकारांत एकमत नाही. कोणी ओकसारखे कठीण लाकूड पसंत करतो, कोणी पाइनसारखे मऊ. मऊ लाकडाच्या बाजूने असलेला मुद्दा मला पटण्यासारखा वाटतो: चेपायचेच तर पाचरीने चेपावे, डोलकाठीने नव्हे. पाचरीची आतली बाजू डोलकाठीच्या गोलाईप्रमाणे तासतात. उतार अगदी अल्प ठेवतात. दहास एक एवढा उतार घेतला तरी कोन सहा अंशांपेक्षा कमी भरतो, आणि घर्षणामुळे ठोकलेली पाचर आपोआप निसटत नाही. पाचरीची लांबी डेकच्या जाडीहून बरीच अधिक असते. वरचे टोक डेकच्या वर राहते, म्हणजे ती खाली घसरत नाही आणि काढतानाही हाताशी येते.

ठोकण्यापूर्वी डोलकाठी भोकाच्या मध्यावर आणून घ्यावी लागते. साधारणपणे पुढच्या-मागच्या पाचरी आधी, बाजूच्या नंतर. आणि एकच पाचर एकदम खोल न बसविता सर्व बाजूंनी थोडे थोडे ठोकणे. इथे घाई केली तर डोलकाठी कायमची एका अंगाला कलते. मग ताणदोर कितीही आवळले तरी ती सरळ होत नाही.

वरून पाणी झिरपू नये म्हणून पाचरींवर गवसणी चढवितात. पूर्वी ती रंग दिलेल्या कॅनव्हासची असे, आता बहुधा रबराची असते. लाकूड भिजले की फुगते व पकड वाढते. उन्हात वाळले की ती सैल होते. त्यामुळे नव्या पाचरी काही दिवसांनी पुन्हा तपासाव्या लागतात. अलीकडे रबराचे ठोकळे किंवा फटीत ओतून घट्ट होणारे पॉलियुरेथेनही वापरले जाते.

मुंबईच्या गोदीत या विद्येला मोठी परंपरा आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. त्या काळी पाठलागात वेग वाढावा म्हणून काही कप्तान डोलकाठ्यांच्या पाचरी सैल करीत. तो जुगारच म्हणायचा.

डोलकाठी गेली की काय होते, हे २०१८ मध्ये दिसले. गोव्यात बांधलेली 'थुरिया' ही अभिलाष टॉमी यांची नौका २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागरातील वादळात सापडली. डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी फ्रेंच नौकेने त्यांची सुटका केली. तो वादळाचा तडाखा होता, त्याचा दोष पाचरीकडे जात नाही. परंतु भर समुद्रात डोलकाठीवर किती अवलंबून असते, ते त्यातून कळते.

कोकणातील मासेमारी नौकांवर इंजिने आली आणि शिडाबरोबर डोलकाठीचे हे कामही मागे पडले. ज्यांच्याकडे शिडाची नौका आहे, त्यांनी पाचरी काढण्यापूर्वी प्रत्येकीवर क्रमांक घालावा आणि डेकच्या पातळीशी पेन्सिलीने रेघ ओढावी. प्रत्येक पाचर आपल्याच जागी परत बसते. पुढे प्रवासात रेघ वर सरकलेली दिसली, तर पाचर उसळू लागली आहे असे समजावे.