प्लास्टिकची दोन टोपणे

नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आलेला १७ वर्षांचा टोनी आयोमी आईला म्हणाला, आता परत जात नाही. आईने ऐकले नाही. हाती घेतलेले काम पुरे करूनच सोडायचे, असे बजावून तिने त्याला कारखान्यात धाडले. बर्मिंगहॅममधल्या त्या पत्र्याच्या कारखान्यात तो वेल्डर होता. त्या दिवशी पत्रा वाकवून देणारा कामगार आला नव्हता, म्हणून टोनीला प्रेसवर उभे केले. त्या मशीनची त्याला सवय नव्हती. प्रेस हातावर आला, त्याने झटक्यात हात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोके तुटून गेली. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये ज्यांनी काम केले आहे, त्यांना यापुढचे सांगायला नको.

टोनी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात उजवा, आणि नेमका तोच गेला. गिटार विसर, असे डॉक्टरांनी सांगितले. घरी खिन्न बसलेल्या या पोराला भेटायला कारखान्यातला त्याचा वरिष्ठ आला, तो हातात एक तबकडी घेऊन. वाजवणारा होता जँगो राइनहार्ट. १९२८ साली आगीत भाजल्यामुळे त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि उरलेल्या बोटांवर तो युरोपातला सर्वांत मोठा जॅझ गिटारवादक झाला होता. हेवी मेटलच्या इतिहासात त्या अनामिक वरिष्ठाला मोठी जागा द्यायला हवी.

टोनीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या गोळ्या केल्या, तापलेल्या सळीने त्यांना भोके पाडली आणि बोटांवर बसतील अशी टोपणे घासून काढली. शिंप्याच्या अंगुस्तानासारखी. तार निसटू नये म्हणून वरून कातडे चिकटवले. नेहमीच्या जाड तारा दाबताना बोटे दुखत, म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या. टोपणाखालच्या बोटाला तार जाणवत नाही. किती दाबली हे कानानेच ओळखावे लागते. अवघड, पसरट स्वरमेळ सोडून तो दोन-तीन स्वरांच्या जाड, घट्ट मेळांकडे वळला आणि त्यांना कंप देऊन आणखी भरीव करू लागला. पुढे हजारो वादकांनी शैली म्हणून जे उचलले, ते मुळात एका कामगाराने जखमी हातापुरते काढलेले साधन होते.

हा हात ज्या वस्तीत वाढला ती म्हणजे अ‍ॅस्टन. बर्मिंगहॅमची ख्याती हजार धंद्यांचे शहर अशी. त्यातला अ‍ॅस्टन हा धुराड्यांचा, सॉसच्या आणि बिअरच्या कारखान्यांचा, बैठ्या घरांच्या रांगांचा भाग. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी पाडलेल्या जागा १९५० नंतरही तशाच मोकळ्या पडल्या होत्या आणि मुले त्यांत खेळत. टोनीच्या पुढच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडमधले चौघेही इथलेच. जॉन ऑस्बोर्न, ज्याला सगळे ऑझी म्हणत, त्याचे वडील रात्रपाळीला टूलमेकर, आई दिवसपाळीला ल्यूकसच्या कारखान्यात. ऑझीने मोटारींचे हॉर्न जुळवायचे काम केले, कत्तलखान्यात केले, आणि चोरीच्या गुन्ह्यात काही आठवडे तुरुंगही पाहिला. आयरिश कॅथलिक घरातला गीझर बटलर हिशेबनीस व्हायला निघाला होता. बिल वॉर्ड ड्रम वाजवायचा, पण त्याचे कान जॅझच्या स्विंगवर पोसलेले. नंतरच्या अनेक मेटल वादकांकडे नसलेली झुलती लय ‘ब्लॅक सॅबथ’कडे आली ती त्याच्यामुळे, आणि याचे श्रेय त्याला फार कमी मिळाले.

१९६८च्या अखेरीस टोनी थोडे दिवस ‘जेथ्रो टल’ या नावारूपाला येत असलेल्या बँडमध्ये गेला. तिथे मन रमले नाही, पण एक गोष्ट तो शिकून आला: तालमीला वेळेवर यायचे. परतल्यावर त्याने आपल्या तिघांना सकाळी नऊला उभे करायला सुरुवात केली. कारखान्याची पाळी चुकवून संगीतात आलेल्या पोरांनी संगीताचीच पाळी लावून घेतली. हँबुर्गच्या स्टार क्लबमध्ये एका रात्रीत अनेकदा मंचावर चढावे लागे. वेळ भरून काढायला गाणी ताणावी लागत, आणि त्या ताणण्यातून नवे सापडत गेले.

तेव्हा बँडचे नाव ‘अर्थ’ होते. त्याच नावाचा दुसरा बँड निघाल्याने ते बदलणे भाग पडले. मारिओ बाव्हाच्या एका भयपटाचे इंग्रजी नाव त्यांनी घेतले: ब्लॅक सॅबथ. लोक घाबरायला पैसे मोजून थिएटरात जातात, तर घाबरवणारे संगीत का असू नये, हा त्यांचा साधा हिशेब.

त्या नावाचे गाणे तीन स्वरांवर उभे आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर खालचा सा, वरचा सा आणि तिथून उतरून तीव्र मध्यम. यमनमध्ये तीव्र मध्यम पंचमाकडे नेतो आणि कानाला विसावा मिळतो. इथे पंचम येतच नाही. तीव्र मध्यमावर स्वर थरथरत लटकतो आणि पुन्हा खालच्या सा वर कोसळतो, तेही अतिशय सावकाश. युरोपीय संगीतात या अंतराला सैतानाचे नाव चिकटलेले होते. टोनीला ते शास्त्र ठाऊक नव्हते. गीझर मात्र हेच अंतर असलेल्या, होल्स्ट या संगीतकाराच्या ‘मार्स’ या रचनेने झपाटलेला होता आणि ती बेसवर वाजवत बसे.

१६ ऑक्टोबर १९६९ रोजी चौघे लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत शिरले. निर्माता रॉजर बेन, ध्वनियंत्रावर टॉम अ‍ॅलम, यंत्र चार ट्रॅकचे. हातात एक दिवस. गाणी महिनोन्‌महिने मंचावर वाजलेली असल्यामुळे त्यांनी ती तशीच समोरासमोर वाजवली. ऑझी बाजूच्या कक्षात उभा राहून त्याच वेळी गायला. टोनीच्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारने ऐन रेकॉर्डिंगमध्ये दगा दिला, तेव्हा त्याने जवळची गिब्सन एसजी उचलली, आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. एका लांब गाण्यातला सोलो पुन्हा वाजवायची त्याची इच्छा होती, वेळ नव्हता. एका पाळीत काम उरकले आणि मंडळी कार्यक्रमांसाठी स्वित्झर्लंडला निघून गेली. पाऊस, ढगांचा गडगडाट आणि चर्चची घंटा यांनी ध्वनिमुद्रिका सुरू होते, ते आवाज त्यांच्या माघारी जोडले गेले. ती घंटा ऐकूनच पुढच्या तीन स्वरांची धास्ती बसते.

‘व्हर्टिगो’ या कंपनीने ही ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आणली. वार मुद्दाम शुक्रवार. मुखपृष्ठावर ऑक्सफर्डशायरमधली मेपलडरमची जुनी पाणचक्की आणि काळ्या वस्त्रातली एक स्त्री. आतल्या पानावर उलटा क्रूस छापला होता, बँडला न विचारता. त्या एका चित्रापायी सैतानपूजक हा शिक्का बसला. वास्तविक त्या गाण्यातला माणूस सैतानाला भजत नाही, त्याच्यापासून जीव घेऊन पळतो. विचित्र पत्रे आणि धमक्या येऊ लागल्या तेव्हा ऑझीच्या वडिलांनी कारखान्यातल्या अ‍ॅल्युमिनियमचे क्रूस घडवून पोरांच्या गळ्यात घातले. या साऱ्या कहाणीतला सर्वांत हळवा धातू तोच असावा.

‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकात लेस्टर बँग्ज यांनी ध्वनिमुद्रिकेची खिल्ली उडवली. श्रोत्यांनी समीक्षकांची वाट पाहिली नाही: ब्रिटनमध्ये ती आठव्या क्रमांकावर गेली, अमेरिकेत तेविसाव्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘पॅरानॉइड’ आली आणि ब्रिटनमध्ये अव्वल ठरली. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये काही गाण्यांसाठी टोनीने तारा तीन श्रुती नव्हे, पूर्ण तीन अर्धस्वर उतरवल्या. सैल तार दुखऱ्या बोटांना सोसते, आणि आवाज आणखी खोल जातो. पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत तारा उतरवल्या होत्या असा अनेकांचा समज आहे. तिथला जडपणा मात्र हाताचा आहे.

शेजारच्याच पट्ट्यात ‘जुडास प्रीस्ट’ हा बँड वाढत होता. त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड वॉल्सॉलचा. शाळेत असताना जवळच्या भट्ट्यांतल्या वाफेच्या घणांनी बाक हादरत, असे त्याने सांगितले आहे. गिटारवादक ग्लेन टिप्टन ब्रिटिश स्टील या सरकारी पोलाद कंपनीत नोकरी केलेला. १९८० साली देशभरातले पोलाद कामगार तीन महिने संपावर होते. तो संप मिटला त्याच एप्रिलमध्ये ‘जुडास प्रीस्ट’ची ध्वनिमुद्रिका आली, नाव ‘ब्रिटिश स्टील’. निर्माता टॉम अ‍ॅलम, दहा वर्षांपूर्वी रीजंट साउंडमध्ये यंत्रावर बसलेला तोच. यंत्रमानवाच्या पावलांचा आवाज हवा होता, तर त्यांनी चमचे-काट्यांनी भरलेला ट्रे हलवून तो काढला. कारखाने बंद पडू लागले होते, त्यांचा आवाज मात्र तबकडीवर चढत होता.

बर्मिंगहॅमने आपल्या या पोरांना जवळ करायला फार उशीर लावला. ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलाला ब्लॅक सॅबथचे नाव मिळाले ते २०१९ साली. २०२३ मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने त्यांच्या संगीतावर नृत्यनाट्य बसवले. २२ जुलै २०२५ रोजी ऑझी ऑस्बोर्न यांचे निधन झाले, तेव्हा तो पूल फुलांनी झाकून गेला आणि ३० जुलैला त्यांची अंत्ययात्रा तिथे थांबली.

निधनाच्या १७ दिवस आधी, ५ जुलैला, चौघे मूळ सोबती २००५ नंतर प्रथमच एकत्र वाजले. जागा व्हिला पार्क, अ‍ॅस्टनमधले फुटबॉलचे मैदान. सामन्याच्या दिवशी आजूबाजूच्या गल्ल्यांत लागलेल्या मोटारी राखून लहानगा ऑझी चिल्लर कमवायचा, ते हेच मैदान. ‘मेटॅलिका’ आणि ‘स्लेयर’ यांनी आधी वाजवून मंच मोकळा केला. पार्किन्सन्सने जखडलेले ऑझी काळ्या सिंहासनावर बसून गायले. वॉर्ड ड्रमवर, बटलर बेसवर. शेजारी ७७ वर्षांचे आयोमी उभे होते, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर टोपणे होती, वरून जुन्या जॅकेटचे कातडे चिकटवलेली.