बिनतुंब्याच्या चाकाची कुळकथा

बैलगाडीच्या चाकात सगळा मान तुंब्याचा. आरे त्यात ठोकलेले, आख त्यातून गेलेला, पुठ्ठे आणि त्यांवर चढवलेली लोखंडी धाव त्याच्याच भरवशावर गोल. तुंबा फुटला की चाक गेले. तुंबा, आरे, आख यांतले काहीच नाही, आहे ती फक्त धाव, आणि तरी गाडी चालते, असे कोणी म्हटले तर वऱ्हाडातल्या जुन्या सुताराला ते पटायचे नाही. लेगोच्या प्लास्टिकच्या कड्या जोडून नेमके असेच चाक बनवणारे हौशी कारागीर आज आहेत.

अकोल्याला लेगो परका नाही. २०२० साली इथल्या मनुताई कन्या शाळेच्या मुलींचा संघ फर्स्ट लेगो लीगच्या मुंबईतल्या राष्ट्रीय फेरीत चमकला होता. त्या स्पर्धेत याच ठोकळ्या-कड्यांतून यंत्रमानव उभे करायचे असतात.

लेगोचा इतिहास ठाऊक असलेलाच आहे. १९३२ मध्ये डेन्मार्कच्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने लाकडी खेळणी सुरू केली, १९५८ मध्ये आजच्या ठोकळ्याचे पेटंट झाले, १९६२ मध्ये चाक आले, १९७७ मध्ये दातेरी चक्रांचे टेक्निक संच. २००७च्या बुलडोझरच्या संचाबरोबर रुंद कड्या मिळू लागल्या, आणि आपल्या कामाची वस्तू ती.

कडी म्हणजे रणगाड्याच्या पट्ट्याचा एक तुकडा. एका बाजूला बारीक दांडी, दुसऱ्या बाजूला तिला पकडणारा आकडा. टक्कन बसते, जोर लावला की सुटते. अशा कड्यांची नुसती माळ जमिनीवर उभी केली तर ती कोसळते. म्हणून प्रत्येक सांध्याला थोडा ताठपणा द्यावा लागतो: कडीच्या भोकात खुंटी बसवून शेजारच्या कडीशी रबरी जोड द्यायचा, नाहीतर लवचीक नळी आतून फिरवून घ्यायची. मग माळेचे कडे होते. ते आपल्या ताकदीवर उभे राहते, दाबले तर तळाशी चपटे होते, सोडले की पुन्हा गोल. गाडीचा भार कड्याच्या आत, खालच्या अंगाला टेकलेल्या दोन-तीन रोलरांवर. त्यांच्यातच एक दातेरी चक्र असते, ते मोटर फिरवते. एका दाताला एक कडी या हिशेबाने दहा दात आणि चाळीस कड्या असतील तर चक्राच्या चार फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. म्हणजे वेगळी गिअरपेटी न लावता गती चौथाई आणि जोर जवळजवळ चौपट!

तळ चपटा झाला की तेच वजन जास्त जागेवर पसरते. जठारपेठेची वस्ती मागे टाकून अकोल्याबाहेर पडले की लागणाऱ्या काळ्या जमिनीत याचे मोल कोणाला समजावून द्यावे लागत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते, आणि मृगाच्या दोन चांगल्या पावसांनंतर अरुंद धावेचे चाक तिच्यात रुतून बसते.

या चाकाचा पूर्वज कोण? रणगाडा, असे उत्तर बहुतेक जण देतील. उत्तर चूक नाही, अपुरे आहे. वंशावळ आणखी मागे नेली तर ती विहिरीच्या काठावर पोचते.

बाबराने आपल्या आठवणींत लाहोर, दिपालपूर, सरहिंद या भागांतल्या रहाटाचे वर्णन करून ठेवले आहे. विहिरीच्या खोलीला पुरतील एवढे दोन दोर घ्यायचे, त्यांची वेढी करायची, दोन्हींच्या मध्ये आडव्या काठ्या बांधायच्या, काठ्यांना गाडगी. ही माळ विहिरीवरच्या चाकावर टाकायची, आणि ते चाक दातेरी चाकांच्या मदतीने बैलाने फिरवायचे. गाडगी बाजूला ठेवा. दोन समांतर दोर, त्यांमध्ये ठरावीक अंतरावर आडवे तुकडे, आणि दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली: टोके जोडलेली दोराची शिडीच ही. आजच्या पट्ट्याची घडण याहून फारशी वेगळी नाही. आडवी काठी मोठी होऊन तिची पाटी झाली, दोराच्या जागी सांधा आला.

ही माळ भारताची की बाहेरची, यावर विद्वानांचा जुना वाद आहे. ‘रहाट’ हा शब्द संस्कृत ‘अरघट्ट’वरून आला, इथवर भांडण नाही. भांडण आहे ते अरघट्ट म्हणजे नेमके कोणते यंत्र यावर. एक पक्ष म्हणतो, ग्रंथांतला अरघट्ट हाच पुढचा रहाट, तेव्हा सगळे यंत्र इथलेच. इतिहासकार इरफान हबीब यांनी याला हरकत घेतली. घेरावरच गाडगी बांधलेले चाक वेगळे, माळेचे वेगळे, आणि बैलाची आडवी फेरी उभ्या चाकाला देणारी दातेरी जोडणी आणखी वेगळी; ही जोडणी तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास पश्चिमेकडून आली, असा त्यांचा रोख आहे. हबीब यांनी यंत्राचे सुटे भाग करून पाहिले हे फार बरे झाले, कारण दात बाहेरून आले असले तरी माळही त्यांच्याबरोबरच आली असे त्यातून निघत नाही. संस्कृतातला ‘घटीमाला’ हा शब्द सरळ माळेचेच नाव सांगतो. दात नंतरचे, माळ आधीची, हाच निवाडा सयुक्तिक दिसतो.

वऱ्हाडात मात्र मोटेचे राज्य होते. बैलांनी उतारावरून खाली जात भरलेली मोट वर ओढायची आणि मग ती रिकामी परत विहिरीत सोडायची, म्हणजे अर्धा वेळ रिकामी खेप. माळेला परत यावे लागत नाही, ती येतच असते. अलिबाग-चौलच्या वाड्यांत रहाट फिरे तो याच गुणावर. रहाटाच्या माळेला वर चाक असते, खाली काहीच नसते; ती लोंबते, म्हणून तिला ताठपणाची गरज नाही. कड्यांच्या चाकाला उलट करायचे आहे: आधार खाली आहे आणि वरची कमान स्वतःहून उभी राहिली पाहिजे. रहाट उलटा केला की लवचीकतेचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर सापडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

इंग्रजी पुस्तके वेगळी सुरुवात सांगतात. रिचर्ड लव्हेल एजवर्थ याने १७७० मध्ये आपला रस्ता आपणच अंथरत जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. पुढे १८२५ मध्ये जॉर्ज केली याने तीच कल्पना पुढे नेली. दोघांच्या डोळ्यांपुढे लोहमार्ग होता, तेव्हा पट्ट्याचे मूळ लोहमार्गात, असा तो पक्ष. पण लोहमार्ग परत फिरून पुढे येत नाही. मागचा तुकडा उचलून पुढे आणण्याची युक्ती पाणी उपसणाऱ्या साखळीचीच, आणि तशा साखळीपंपांनी त्या काळी ब्रिटिश जहाजांच्या तळातले पाणी काढले जात होते. एजवर्थने ती तिथूनच उचलली असावी. त्याची एक गोष्ट खेळणी करणाऱ्यांना आवडेल: चाळीस वर्षांत आपण शंभरावर चालत्या प्रतिकृती केल्या, असे तो लिहून गेला. मोठी गाडी काही साधली नाही.

लवचीकतेचे उत्तर रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने दिले, आणि ते भारतात येऊन रस्त्यावर धावले. हवा भरलेल्या टायरचे पेटंट १८४५चे, तेही त्याचेच. १८६७ मध्ये त्याने वाफेचे रस्ता-इंजिन बांधले. त्याच्या चाकांवर जाडजूड भरीव रबर होते, आणि रबर फाटू नये म्हणून त्यावर पोलादी पाट्यांची साखळी. आतून लवचीक, बाहेरून कड्यांचे. ही इंजिने भारतात आणण्याच्या मागे लागला रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन हा तरुण लष्करी अधिकारी. १८७१ मध्ये त्यांतल्या एका इंजिनाने इप्सविच ते एडिंबरो आणि परत असा पल्ला मारला, आणि मग क्रॉम्प्टनची सरकारी वाफगाडी पंजाबात चालू लागली.

पुढे हाच क्रॉम्प्टन विजेच्या धंद्यात नावारूपाला आला. पंख्यांवरचे ते नाव त्याचेच. आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये चर्चिलने रणगाड्यासाठी समिती नेमली तेव्हा तिचा सल्लागार म्हणून जवळजवळ सत्तरीचा क्रॉम्प्टन हजर झाला! त्याने शिकागोहून लांब पट्टे मागवले, पण ते टिकले नाहीत. त्याच सप्टेंबरात अभियंता विल्यम ट्रिटनने दाबलेल्या पोलादी पाट्यांचा पट्टा सिद्ध केला, आणि वर्षभरात रणगाडा सोमच्या रणभूमीवर उतरला. पंजाबच्या धुळीत पोलादी पाट्यांच्या चाकांवर घालवलेली वर्षे क्रॉम्प्टनच्या सल्ल्यामागे नव्हती, असे मानणे कठीण आहे.

राहिला तुंबा. तो फ्रँको स्बारो या स्वित्झर्लंडमधल्या गाडीकाराने १९८९च्या सुमारास काढून टाकला. त्याची पोकळ चाके मात्र ताठ होती, मोठ्या बेअरिंगवर फिरणारी. थॉमसनच्या चाकात लवचीकता होती आणि तुंबाही, स्बारोच्या चाकात दोन्ही नव्हते. लवचीक आणि बिनतुंब्याचे, हा संगम खेळण्याच्या कड्यांत अगदी स्वस्तात जमतो. अडचण वळणावर येते. आडवा जोर बसला की कडे एका अंगाला कलते आणि दातेरी चक्रावरून घसरते. त्यावर काही जण दोन्ही कडांना आतून छोटे रोलर लावून त्याला धरून ठेवतात. काही जण दोन कड्या शेजारी शेजारी जोडून चाक दुप्पट रुंद करतात, म्हणजे ते कलत नाही. मात्र वजन वाढते आणि लहान मोटर चढावर दम टाकते.